मास्तरकीची वाट आणि उसाचे बिल



मोळी टाकून महिना झाला असेल, त्या सुमारास उचगावचे एक जुने सभासद आमच्याकडे आले. त्यांचे नाव येथे देत नाही, आबा म्हणू. पहिल्या हप्त्याचे बिल बँकेत जमा झाले होते आणि त्यावर आणखी कर्ज काढण्यासाठी त्यांना ऊस नोंदीचा दाखला हवा होता. आम्ही सहज विचारले, कर्ज कशासाठी? तर म्हणाले, "घराला गिलावा करायचाय." चहा झाला, तोडीच्या टोळीच्या चार तक्रारी झाल्या आणि मग हळूच खरे कारण बाहेर आले.

"थोरल्याचं बी.एड. झालंय सायेब. एका शाळेत जागा हाय म्हणत्यात. मधला माणूस म्हणतोय, निम्मं आधी द्या, निम्मं ऑर्डर हातात पडल्यावर."

आम्ही विचारले, "आबा, मुलाने टेट दिली आहे का?"

"ते पोराला ठावं. मला एवढंच ठावं, बी.एड. झाला म्हंजी मास्तर झाला. आता फकस्त जागा धरायची."

मुलाला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. मुलगा सरळ आणि हुशार. बी.ए.ला मुख्य विषय समाजशास्त्र. 2025 च्या टेटचा फॉर्म भरायचा राहिला होता. म्हणजे ज्या यादीतून मास्तर नेमतात त्या यादीत त्याचे नाव येण्याची सोयच नव्हती, आणि तरीही कोणीतरी त्याच्या बापाकडून उसाच्या बिलावर पैसे काढू पाहत होता. हे ऐकल्यावर आम्हांला वाटले की आपल्या अंकात खत, पाणी, बेणे, उतारा यांवर आपण पानेच्या पाने लिहितो, पण ज्या पोरांसाठी हा ऊस लावायचा त्यांच्या नोकरीची वाट कोठून कोठे जाते हेही एकदा सविस्तर लिहावे. म्हणून हा लेख.

आबांचे फार चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या वडिलांच्या काळात सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला गडी प्राथमिक शाळेत मास्तर होत असे. हायस्कूलला पदवीधर लागे आणि त्याने बी.टी. केले असेल तर गावात त्याचा मान तलाठ्यापेक्षा वरचा. पुढे बी.टी.चे बी.एड. झाले. कोल्हापुरात 1962 साली शिवाजी विद्यापीठ निघाले आणि पदवीसाठी पुण्या-मुंबईच्या विद्यापीठाकडे पाहण्याची गरज संपली. उचगावकरांना तर विद्यापीठ म्हणजे हमरस्ता ओलांडला की आलेच. खाजगी शाळांतील नेमणुकांना 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली लागू झाली. पात्रता त्यात लिहिलेली होती, परंतु निवड मात्र संस्थेच्या हाती होती. जाहिरात द्यायची, मुलाखत घ्यायची, ऑर्डर द्यायची. "जागा धरणे" हा शब्द त्या काळातला आहे. काळ गेला, शब्द राहिला, आणि मधली माणसे त्या शब्दावर अजून पोट भरतात.

आता वाट कशी आहे ते पाहू. ती सुरू होते बारावीनंतर, बी.ए. किंवा बी.एस्सी.ला विषय घेताना, आणि बहुतेक घरे येथेच फसतात. हायस्कूलला शिक्षकाची जागा निघते ती विषयाची असते: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान हे विषय मोठे आहेत, त्यांचा अवमान करण्याचा हेतू नाही. पण नववी-दहावीच्या वेळापत्रकात त्या नावाचा तास नसतो. पदवीला शाळेतला विषय असावा आणि बी.एड.ला त्याच विषयाची अध्यापन पद्धती घ्यावी, म्हणजे पुढे जाहिरातीतील पदाशी कागद जुळतो. सोपा विषय, जवळचे कॉलेज, मित्राने घेतला म्हणून घेतला, असे करून तीन वर्षे गेली की बेणे चुकलेल्या उसासारखे होते. लागण झाल्यावर जात बदलता येत नाही. गणित आणि इंग्रजी यांना आपली पोरे घाबरतात, आणि आमच्या मते घाबरणाऱ्यांची गर्दी पाहूनच धीराच्या पोराने ते विषय घ्यावेत. बी.कॉम. झालेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की वाणिज्य हा मुख्यतः अकरावी-बारावीचा विषय आहे आणि तेथे शिकवायला बी.एड.बरोबर एम.कॉम. लागते. अकरावी-बारावीच्या कोणत्याही विषयाला तोच नियम, त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

पदवीला किंवा पदव्युत्तर परीक्षेला किमान 50 टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गाला 45 टक्के. इंजिनिअरिंग केलेल्यालाही बी.एड. करता येते, त्याला 55 टक्के लागतात. यानंतर राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा. प्रश्न 100, गुण 100, वेळ दीड तास. त्यांत बुद्धिमत्तेचे 40, सामान्य ज्ञानाचे 30 आणि शिक्षक म्हणून कल पाहणारे 30 प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच ही परीक्षा देता येते. फॉर्म सुटतात थंडीत, ऐन तोडीच्या धामधुमीत, आणि परीक्षा साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास येते. मुकादमामागे पळता पळता फॉर्मची तारीख निघून गेली, असे सांगणारे दोन-तीन तरी बाप दरवर्षी भेटतात. तारीख तोडीच्या तारखेशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.

बी.एड. पूर्वी एक वर्षाचे होते. 2015 पासून ते दोन वर्षांचे झाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक वर्षी किमान 200 दिवस कामकाज, वर्गातल्या आणि प्रात्यक्षिकाच्या कामाला 80 टक्के हजेरी आणि शाळेतल्या छात्रसेवेला, म्हणजे ज्याला आता आंतरवासिता म्हणतात तिला, 90 टक्के. ही छात्रसेवा एकंदर 20 आठवड्यांची, त्यातले 16 आठवडे दुसऱ्या वर्षात. आधी पाच-सहा मिनिटांचे सूक्ष्म पाठ, एकेका कौशल्याचे. मग सराव पाठ, रोज रात्री बसून लिहिलेली टाचणे, भिंतीवर लावायचे तक्ते, आणि मागच्या बाकावर बसून मुकाट्याने टिपणे घेणारे निरीक्षक सर. बी.एड. झालेल्या एका बाईंनी आम्हांला सांगितले की पहिल्या सराव पाठाला फळ्यावर तारीख लिहितानाच हात कापत होता, आणि सोळा आठवड्यांनी तीच पोरे शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आली होती.

हे सगळे सांगायचे कारण असे की आपल्या घरांत बी.एड. म्हणजे "पोरगी लग्नापर्यंत काहीतरी करतीया" अशी एक समजूत असते. भांगलणीला मजूर मिळाले नाहीत की पोरगी शेतात, पाहुणे आले की पोरगी चुलीपाशी. 90 टक्के हजेरीत हे बसत नाही. दुसऱ्या वर्षाच्या छात्रसेवेत लग्न काढलेत तर परीक्षेला बसण्यावरच गदा येईल. दोन वर्षांचा कोर्स फार तर तीन वर्षांत पुरा करावा लागतो, हेही बोलणी करताना व्याह्यांच्या कानावर घालावे.

घरबसल्या बी.एड. करून देतो अशा जाहिराती बाजारात असतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.एड. अभ्यासक्रम खरा आहे, पण तो आधीच शाळेत काम करणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी. नुकत्या पदवीधराला नियमित कॉलेजच गाठावे लागते. ते गाठण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता. कॉलेजचे नाव मोठे की इमारत मोठी, हे नंतर.

बारावीनंतर थेट चार वर्षांत पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा नवा एकात्मिक अभ्यासक्रमही 2023-24 पासून देशात काही ठिकाणी सुरू झाला. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी, राष्ट्रीय पातळीवरची. 2020 च्या शैक्षणिक धोरणात 2030 पर्यंत हीच शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे म्हटले आहे. शिवाय फेब्रुवारी 2025 मध्ये परिषदेने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात काहींसाठी एक वर्षाच्या बी.एड.चा विचार आहे. मसुद्यावर भरवसा ठेवून कोणी थांबू नये आणि कोणी घाईही करू नये. प्रवेश घ्यायच्या दिवशी जो नियम लागू असेल तोच आपला.

बी.एड. झाले. आता आबांच्या भाषेत "मास्तर झाला". येथून पुढे दोन परीक्षा, आणि त्यांच्या नावांनी गावोगाव घोळ घातला आहे. एक टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. दुसरी टीएआयटी, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला पोरे टेट म्हणतात. कानाला दोन्ही सारख्याच, पण काम अगदी वेगळे.

टीईटी महाराष्ट्रात 2013 पासून आहे. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर आणि सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येक पेपर 150 गुणांचा, पास व्हायला 60 टक्के म्हणजे 90 गुण, राखीव प्रवर्गाला 55 टक्के. एकदा पास झाले की प्रमाणपत्र जन्मभर चालते. बी.एड.वाल्याला दुसरा पेपर उपयोगाचा. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केले आहे, तिथे डी.एड.च लागते. नववी-दहावीसाठी टीईटी लागत नाही. मग देऊच नये काय? आमचे म्हणणे, द्यावीच. आपल्या भागातली बहुतेक हायस्कुले पाचवीपासून दहावीपर्यंत आहेत, आणि टीईटी असलेल्या माणसाला सहावी ते आठवीच्या जागेचेही दार उघडते. 1 सप्टेंबर 2025 रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने आठवीपर्यंत शिकवणाऱ्या नोकरीतल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर, दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितले. पंचवीस वर्षे खडू झिजवलेले गुरुजी पुस्तक घेऊन अभ्यासाला बसल्याचे तेव्हापासून आपण पाहतोच आहोत. त्याची थट्टा करू नये, त्यांच्या घरात काळजी आहे.

टेटचे गणित निराळे. तिच्यात पास-नापास नाही, 200 पैकी किती गुण मिळाले एवढेच. 120 गुण अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे, वेळ दोन तास. संगणकावर द्यायची. या गुणांवरच राज्यभरची यादी लागते. आणि ही परीक्षा दरसाल येत नाही! पहिली झाली डिसेंबर 2017 मध्ये, दुसरी फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये, तिसरी मे-जून 2025 मध्ये. पहिल्या दोहोंमध्ये पाच वर्षांवर अंतर. जो चुकला तो किती वर्षे थांबेल हे त्याच्या हाती नाही. आबांच्या मुलाने फॉर्म चुकवला त्याची किंमत ही आहे, आणि ती कोणत्याही मधल्या माणसाला पैसे देऊन भरून निघत नाही.

कारण 2017 पासून जिल्हा परिषदेच्या शाळा असोत की खाजगी अनुदानित शाळा, शिक्षकभरती शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते. अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट वेगळी. शाळेची रिकामी जागा पोर्टलवर यायची, उमेदवाराने पसंती द्यायची, आणि टेटच्या गुणांप्रमाणे नाव लागायचे. खाजगी संस्थेला मुलाखत घ्यायची असेल तर घेता येते, पण उमेदवार येतात ते पोर्टलच्या यादीतूनच. यादीबाहेरच्या माणसाला मुलाखतीच्या खुर्चीपर्यंत पोहोचता येत नाही. बिनअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर संस्था कोणालाही बोलावू शकते. तेथे शिकवण्यात कमीपणा नाही, परंतु ती अनुदानित पदाची ऑर्डर नव्हे. "आज ना उद्या अनुदान येईल" या आशेवर आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी पदवीधरांनी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे नाममात्र पगारावर काढली आहेत. सकाळी वर्ग आणि दुपारनंतर दुसऱ्याच्या रानात पाणी पाजायचे, असे मास्तर आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत.

यावर कोणी म्हणेल, परीक्षेतही पैसे चालतात. चालवायचा प्रयत्न होतो हे खरे. 2019-20 च्या टीईटीतला गैरव्यवहार डिसेंबर 2021 मध्ये उघडकीस आला आणि पुढे साडेसात हजारांवर उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. त्यातले कित्येक नोकरीला लागलेले होते. पैसे गेले, प्रमाणपत्र गेले, पुढच्या परीक्षेची वाटही बंद झाली. 23 नोव्हेंबर 2025 च्या टीईटीच्या तोंडावर तर आपल्याच जिल्ह्यात, कागल तालुक्यात, पेपर पुरवतो म्हणणारी टोळी पोलिसांनी पकडली. अशा व्यवहाराची पावती नसते. फसला तर बाप कोणत्या तोंडाने फिर्याद देणार?

आता पगाराचेही खरे बोलू. शिक्षणसेवक योजना 2000 साली आली, तीन वर्षे मानधनावर काम आणि मग नियमित वेतनश्रेणी. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन 8 हजार होते, ते 1 जानेवारी 2023 पासून 18 हजार करण्यात आले. आपल्या भाषेत मांडू. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने 10.25 टक्के उताऱ्यास टनाला 3,550 रुपये एफआरपी धरली. म्हणजे महिन्याचे 18 हजार हे सुमारे पाच टन उसाचे झाले, आणि वर्षाचे एकसष्ट टनांच्या घरात, तेही तोडणी-वाहतूक वजा न करता. एकरी चाळीस टन काढणाऱ्याचा हा दीड एकर. आता ज्याने पोराच्या जागेसाठी एक एकर रान विकले त्याने काय कमावले ते ज्याचे त्याने मांडून पाहावे. पोराला पगार मिळेल, पण विकलेले रान काही परत येत नाही. आणि उचगावच्या आसपास रानाचे प्लॉट पडत असताना तर ते दुसऱ्या कोणाला परत घेताही यायचे नाही.

बी.एड.च्या प्रवेशासाठीही हाच दंडक. ठरलेल्या फीच्या वर देणगी घेण्यास महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने बंदी आहे, आणि खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. फी भरताना पावती मागायला लाजू नये. काट्यावर आपण वजनाची पावती मागतोच की!

मुलींच्या बापांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, 2024-25 सालापासून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत देण्यात आली. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. "ओळखीनं लगेच जागा मिळवून देतो" म्हणणारा पाहुणा आपले केवढे नुकसान करतो ते यावरून दिसेल. उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाचे कागद सीईटीच्या आधीच काढून ठेवावेत. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीपुढची रांग कमी होत नाही.

आपला जिल्हा मास्तरकीच्या बाबतीत लहान नाही. 1917 साली करवीर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे. 1964 ते 66 या काळात साऱ्या देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा हात. तेथे आजही शिक्षक घडवणारे महाविद्यालय आहे. अशा जिल्ह्यात मास्तरकीची जागा मध्यस्थाच्या पिशवीतून यावी, याचे आम्हांला वाईट वाटते.

आबांना आम्ही एवढेच सुचवले, त्या मधल्या माणसाला विचारा, ही जागा पवित्रच्या कोणत्या जाहिरातीतली? त्यांनी विचारले. त्या दिवसापासून त्या गृहस्थाचा फोन लागत नाही. मुलाने आता इतिहासात एम.ए. करायचे ठरवले आहे, टीईटीचा दुसरा पेपर सामाजिक शास्त्रे घेऊन द्यायचा आहे, आणि टेटची तयारी रोज पहाटे, मोटारीला लाइट असेल तेव्हा रानातल्या खोपीत बसून चालू आहे. पुढची टेट निघेपर्यंत तो घरचा ऊस बघतोय. धाकटी मुलगी बारावी सायन्सला आहे. ती आबांच्या मागोमाग ऑफिसात आली होती, सगळे ऐकत उभी होती, आणि जाताना तिने विचारले, "बी.एस्सी.ला गणित घेतलं तर चालंल नव्हं?"

चालेल, असे आम्ही सांगितले. सीईटीची वही आत्ताच घाल, असेही सांगितले.

ऊस नोंदीचा दाखला मात्र आबांनी नेला. घराला गिलावा करायचा होता, तोही खराच होता.